अजून दोन राउंड

यवतेश्वरच्या घाटात, तिसऱ्या वळणावर,
जिथून सातारा कोपऱ्यात झाडून ठेवल्यासारखा दिसतो,
छातीत काहीतरी सुटलं.
बाजारातून कोंबडी पिशवीत घालून आणताना
हाताला जाणवते ना, तशी फडफड.
मग मधोमध वजन, आणि
जबड्यापर्यंत चढत गेलेली एक कळ.
कठड्यावर बसले. समोर माकडं बसलेली.
चार मिनिटांत सगळं जागच्या जागी.

पित्त, मीच मला म्हणाले.
आमच्याकडे पित्ताला फार कामं लावतात.
तीन रविवार पित्त. तिन्ही वेळा तेच वळण.
उतरताना कधी नाही, बसल्यावर कधी नाही.
चौथ्या रविवारी प्रश्न पडला:
पित्ताला वळण कसं कळतं?

डॉक्टर मणेर माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान.
"कुठे दुखतं, एका बोटानं दाखवा."
बोट नेलं, आणि ते छातीवर जागा शोधत राहिलं.
शेवटी मूठच ठेवली.
तो काही बोलला नाही. लिहून घेतलं.

मग तो पट्टा, पायांखालून मागे पळणारा.
मुलांना मी जागेवर पळायला लावते एकवीस वर्षं,
हे त्याचंच महागडं रूप.
छातीला दहा चिकट बटणं, समोर कागदावर डोंगर, दऱ्या.
तिथला मुलगा विचारतो, "बास का, मॅडम?"
"चालेल, अजून एक मिनिट."
त्यानं पट्टा थांबवला.
"इथं तसं नसतं मॅडम. दुखलं की सांगायचं असतं."

नंतर कमरेला एक डबी, चोवीस तास.
सोबत वही. जे होईल ते लिहायचं.

७.४० जिना चढले. फडफड.
११.१५ आठवी ब, खो-खो. शिट्टी वाजवली. काही नाही.
१२.०५ रागावले. फडफड.
४.३० नुसती बसले होते. तेजल आठवली.
फडफड. बराच वेळ.

तेजल ढाणे. ही वहीत लिहिण्याची गोष्ट नव्हती.
तीही आठवी बच, पण चौदा वर्षांपूर्वीची.
मैदानाच्या कडेला, गुडघ्यांवर हात, ओठ पांढरे.
"मॅडम, छातीत कसंतरी होतंय."
शिट्टी तोंडातून न काढता मी म्हणाले होते,
"नाटक नको. अजून दोन राउंड."
तिनं मारले. दोन. मोजून.
त्यानंतर दर शनिवारी आईच्या सहीची चिठ्ठी,
आणि माझ्या वहीत तिच्या नावापुढे: आळशी.

रिपोर्ट आले. एक नळी अरुंद,
मनगटातून तार घालून रुंद करायची.
फडफडीचं मात्र वेगळं.
"कळ पाण्याच्या लाइनीची," मणेर म्हणाला,
"फडफड विजेच्या. घर एकच, बिलं दोन."
हसले. घरी येऊन तेजलचा नंबर शोधायला लागले.

कोरेगावात तिची पिठाची गिरणी.
फोनमध्ये आधी गिरणीच ऐकू आली.
"कोण? ... अगंबाई, मॅडम!"
विचारलं. सरळच विचारलं.
"ते व्हय? होतं की अजून. पोतं उचललं की.
एकदा तर डोळ्यापुढं अंधारी आली.
आता सवय झालीय, मॅडम."

गिरणी चालूच होती.
मी काय बोलले ते तिला ऐकू गेलं नसावं,
कारण ती म्हणाली, "मोठ्यानं बोला!"
मी मोठ्यानं बोलले. चूक झाली, म्हणाले.
आणि मग: "मंगळवारी ये. वाट बघू नको कुणाची.
त्याआधी अंधारी आली तर तिथंच दवाखाना गाठ.
पोतं उचलू नको."
"आणि दळण?"
"दळण थांबेल."

माझी तार गुरुवारी. तोवर सपाटीवरच चालायचं, हळू.
स्टँडवर अर्धा तास आधी पोचले.
कोरेगावची गाडी लागली. ती उतरली,
भुवयांवर पीठ तसंच,
पाया पडायला वाकली. खांदे धरून मी उभी केली.
"रिक्षा करू?"
"कशाला मॅडम, जवळ तर आहे!"
आणि निघालीसुद्धा, भरभर, पुढे.

"तेजल, थांब," मी मागून म्हणते,
"तेजल, हळू."
हात सवयीनं गळ्याशी जातो.
शिट्टी घरी, खुंटीला आहे.